हौसा ओतारीण आणि तेविसावा दगड

एका राज्यात ओताऱ्यांची एक गल्ली होती. राजवाड्याच्या कड्या, देवळांतल्या समया, वेशीवरच्या घंटा, सारे तिथेच ओतले जाई. त्या गल्लीत मंगळवार हा माती मळण्याचा वार. त्याही मंगळवारी हौसा ओतारीण अंगणात बसून मातीत भाताचा कोंडा कालवत होती. चुलीवर आमटी रटरटत होती. धाकटा भाऊ सिदू राजाबरोबर मोहिमेवर गेला होता. आज-उद्या येईल म्हणून तिने मूठभर डाळ जास्त टाकली होती.

कुंपणावर एक टिटवी येऊन बसली.

“सिदू ओताऱ्याची बहीण तू?”

“मीच.”

“तो दगड झाला.”

हौसाने हात धुतले. आत जाऊन आमटी उतरवली. मग बाहेर येऊन विचारले, “कुठे?”

“काळडोंगरावर. राजा चंद्रकेतूसकट तेवीस जण. तिथे जादूगाराचं दार आहे, दारावर पितळेचा मुखवटा. काय हवं म्हणून तो विचारतो, आणि जो जसा विचार करील तसा होतो. सगळ्यांच्या मनात एकच होतं. ‘खूप.’ आता ‘खूप’ला कुठे आकार असतो? दगडालाही नसतो.”

“सुटका कशी?”

“मुखवटा मागेल त्या तीन वस्तू ओतून द्यायच्या. अमावास्येला ते दगड डोंगरात मुरणार, मग देवालाही शोधता येणार नाहीत. नऊ दिवस उरलेत.”

“तुला गं एवढी कळकळ का?”

“माझ्या अंड्यांच्या उन्हात उभे आहेत ते,” टिटवी म्हणाली.

हौसाने गाठोड्यात मेण बांधले, माती बांधली, आणि निघाली. दोन दिवस ती चालत होती आणि दोन दिवस टिटवी बोलत होती. रात्री टिटवी पाठीवर निजे आणि पाय आभाळाकडे करी.

“हे कशासाठी?”

“आभाळ पडलं तर धरायला.”

“आजवर कधी पडलं?”

“मी धरते म्हणून नाही पडलं.”

तिसऱ्या दिवशी काळडोंगर आला. माळावर तेवीस दगड रांगेने उभे होते, ना नाक, ना डोळा. हौसा एकेकाशी थांबली. पाठचा भाऊ, पण ओळखू येईना. टिटवी बाराव्या दगडावर बसली. “हा. इथेच उभा होता.” हौसाने दगडावर हात ठेवला. दगड उन्हाने तापला होता, एवढेच.

दाराशेजारी एक मूस होती आणि तीत जाळावाचून धातू उकळत होता. मुखवट्याने डोळे उघडले.

“कोण?”

“ओतारीण.”

“मूस पुन्हा भरत नाही. पहिली वस्तू: माझे कुलूप उघडील अशी किल्ली.”

“आधी आलेल्यांनी काय दिलं?”

“सोन्याची किल्ली. हिऱ्यांची किल्ली. एकाने हत्तीएवढी दिली.”

हौसाला हसू आले. किल्लीचा विचार किल्लीपासून सुरू करायचा नसतो, कुलपापासून करायचा, हे ओताऱ्याच्या घरात पोराला दात येण्याआधी कळते. कुलपाचे भोक मुखवट्याच्या तोंडात होते. तिने तळव्यात मेण मऊ केले आणि त्या तोंडात कोंबले.

“हे काय चालले आहे?” मुखवटा भरल्या तोंडाने म्हणाला.

“बोलू नका. ठसा बिघडेल.”

मुखवटा गप्प राहिला. ठशावर माती चढली, मेण वितळून गेले, धातू आत उतरला, किल्ली झाली. दार उघडले. आत भुयार होते आणि भुयारात वारा होता, असा की हौसाचा पदर माळापर्यंत उडाला.

“दुसरी वस्तू: या भुयाराच्या टोकापर्यंत जळत जाईल असा दिवा.”

हौसाच्या अंगात आता वीज संचारली होती. तिने भराभर मेणाचा दिवा घडवला, साचा केला, मूस कलती केली. दिवा विझू नये, विझू नये, एवढेच तिच्या मनात घुमत होते. धातू साच्याच्या तोंडाशीच गोठला. साचा फोडला तर आत दिव्याऐवजी एक काळा गोळा.

“ओतताना मनात काय होतं?” टिटवीने विचारले.

“विझू नये, हे.”

“म्हणजे विझलेला दिवा. तोच मिळाला.”

“तू गप्प बैस.”

“मी बसलेलीच आहे.”

अर्धा धातू वाया गेला होता. हौसा भुयाराच्या तोंडाशी मांडी घालून बसली आणि सावली कलेपर्यंत नुसता वारा ऐकत राहिली. तो कुठून शिरतो, कुठे वळतो, बाहेर कुठून पडतो. मग तिने असा दिवा घडवला की वारा एका अंगाच्या भोकांतून शिरावा, ज्योतीभोवती फिरून दुसऱ्या अंगाने निघून जावा. या खेपेला मनात फक्त वाऱ्याची वाट होती. धातू पाण्यासारखा धावला. ती दिवा घेऊन भुयारात शिरली तेव्हा वारा गरजत आला, दिव्यातून गेला, आणि ज्योत ताठ राहिली.

टोकाशी एक रिकामा आकडा लोंबत होता. मुखवट्याचा आवाज तिथवर आला.

“तिसरी वस्तू: घंटा. धातू एकाच घंटेपुरता उरला आहे. ओतताना जो मनात असेल, तो तिच्या नादाने उठेल.”

“मनात म्हणजे नाव ना?”

“नाव ही चिठ्ठी झाली. मला माणूस हवा.”

हौसा बाहेर आली तशी टिटवी नाचू लागली. “ओत की मग. सिदू तुला पाठ आहे.”

पाठच होता. तो जेवताना भात डाव्या बाजूने खाई, लहानपणी मुशीला घाबरे, खोटे बोलताना शीळ घाली. धातू तयार होता, हात तयार होते. रात्रीपर्यंत सिदू तिच्यासमोर उभा राहिला असता. हौसाने मूस धरली. मग बाकीच्या बावीस दगडांकडे पाहिले, मूस सोडली आणि पाठ फिरवून गावाकडे चालू लागली.

“अगं, अमावास्या सहा दिवसांवर आली.”

“म्हणूनच पाय उचलते आहे.”

ती आधी राजवाड्यात गेली. राणी रत्नावती म्हणाली, “महाराज शूर आहेत, प्रजेचे पालक आहेत.”

“ते शिलालेखावर ठीक आहे, राणीसाहेब. ते नसल्यानं घरात काय अडलं आहे?”

 राणी हळूच म्हणाली, “सकाळी डावा कान चोळत ‘पाणी तापले नाही का’ असे कोणी विचारीत नाही. पाणी रोज तापते. कोणी विचारीत नाही.”

हौसाने मान डोलावली. ओतारी घंटेचा विचार करीत नसतो, साच्यातल्या पोकळीचा करतो. पोकळी जशी, धातू तसा. आणि ज्या घरातून माणूस गेला, त्या घराइतकी त्याची पोकळी कोणाला ठाऊक? ती दारोदार फिरली. सेनापतीच्या आईने सांगितले, “मेला उंबऱ्यावर बसूनच जोडे काढायचा, दहादा सांगितलं तरी. आता उंबरा मोकळाच असतो.” भालदाराची बायको म्हणाली, “भांडायला कोणी नाही.” कोणाकडे विहिरीचा दोर चुकीच्या गाठीने बांधायला कोणी नव्हते, कोणाकडे तान्ह्याला पोटावर निजवायला. एका दिवसात एकवीस घरे झाली. बाविसावे तिचे स्वतःचे.

तेविसावा खेचरवाला होता. सरहद्दीच्या बाजारात त्याला सोबत घेतले होते. त्याचे घर या राज्यात नव्हते. हौसाने कोतवालाला विचारले, सराईत विचारले, खोगीर शिवणाऱ्याला विचारले. “होता खरा एक,” सगळे म्हणाले.

नवव्या दिवशी ती धापा टाकत काळडोंगरावर पोचली. दगड घोट्यापर्यंत जमिनीत गेले होते. तिने साचा मांडला. धातू ओंजळीएवढ्या घंटेपुरताच होता. मूस कलली, धार पडली, आणि हौसाने एकेकाला मनात आणले: कान चोळणारा, उंबऱ्यावर बसणारा, भांडणारा, गाठ चुकणारा, शीळ घालणारा. कोणाचीही घाई केली नाही, कोणालाही ओलांडले नाही. बावीस जण झाले. शेवटी ती खेचरवाल्याशी आली. तिथे कान नव्हता, उंबरा नव्हता. ‘खेचरवाला’ हा एक शब्द होता फक्त. धार तिथेच थांबली, उरलेला धातू मुशीतून हलेना.

हौसाने घंटा भुयारातल्या आकड्याला अडकवली, टिटवीनेच लोलकाला धक्का दिला. ओंजळभर घंटा, पण नाद सात डोंगर गेला. दगड तडकले. राजा चंद्रकेतूने डावा कान चोळत डोळे उघडले. सेनापती खाली बसून जोडे काढू लागला. सिदू भुयारातून बाहेर आलेल्या बहिणीकडे पाहत राहिला.

“अक्का, तुझ्या केसांत मेण आहे.”

“असू दे,” हौसा म्हणाली, आणि त्याचे मनगट तिने गावाची वेस येईपर्यंत सोडले नाही.

मुखवट्याने डोळे मिटले ते मिटलेच. खजिना म्हणून भुयारात काही नव्हते. राजा परतला, राज्य रुळावर आले, आणि दरबारात ‘खूप’ हा शब्द चालेनासा झाला. काय, किती, कोणासाठी, हे सांगितल्यावाचून राजा कोणाचे ऐकेना. टिटवीची अंडी उबली.

तेविसावा दगड मात्र माळावर उभाच आहे. त्या एका शब्दाच्या आधाराने तो अमावास्येला मुरला नाही, पण उठलाही नाही. सिदू आठ दिवस त्याच्या शेजारी जेवला होता. हौसाने त्याला विचारले, “काय म्हणायचे रे तुम्ही त्याला?”

सिदूने मान खाली घातली. “‘ए खेचरवाल्या’ म्हणायचो.”

हौसा दर बाजाराला सरहद्दीवर जाते आणि आल्यागेल्याला विचारते, तुमच्याकडे कोणावाचून काय अडले आहे? मुशीच्या तळाशी वाटीभर धातू उरला आहे. त्याची घंटा ओतायची राहिली आहे.