गोणपाटाची भिंत

"मग भिंत कधी बांधायची, बाबा?"

रंगनाथनं हे तिसऱ्यांदा विचारलं. हातात सोटा, पाठीमागं विटांचा ढीग.

भिकनशा फकीर तकियाच्या, म्हणजे आपल्या मठीच्या, ओट्यावर पाय सोडून बसले होते. आठवडाभराच्या हगवणीनं गाल पार आत गेलेले. डोळ्यांतला वात्रटपणा मात्र जिथल्या तिथं होता.

तकियाचा रिवाज जुना. दर गुरुवारी गावातलं घर न् घर आपल्या चुलीवरचं थोडंथोडं आणतं, सगळं एका पातेल्यात पडतं, सगळे तेच खातात. रांधायच्या जागेला आडोसा म्हणून एकेरी गोणपाट. त्याला मधोमध एक भोक. बाबा आत बसायचे, भोकातून हात बाहेर काढायचे, येईल त्याचं बोटभर चाखायचे आणि म्हणायचे, "ये आत."

रंगनाथ चेला म्हणून आला आणि त्यानं कारभार सुधारला. विज्ञानाच्या कॉलेजात दोन वर्षं काढलेला माणूस. तिसऱ्या वर्षानं त्याला घेतलं नाही, पण एवढं कोण विचारतो? जंतू येतात म्हणून त्यानं भोक शिवून टाकलं आणि दारात सोटा घेऊन उभा राहिला. शेवंताआजीचं दही तर त्यानं दोनदा परत पाठवलं. तीन गुरुवारांत निम्मं गाव यायचं थांबलं. सोट्याचं टोक लागून गोणपाट फाटलं ते वेगळंच.

आणि एवढा पहारा असून बाबाच आडवे झाले.

"भिंत बांधा," रंगनाथ म्हणाला, "नाहीतर मी उद्या निघालो. तुम्हाला असं लोटा घेऊन पळताना… मला नाही बघवत."

बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"तू शिकलेला. मला सांग, माझ्या आतड्याची भिंत केवढी जाड?"

रंगनाथ लगेच ताठ झाला. "आतलं अस्तर ना? एका पेशीचं. केसाहूनही बारीक."

"बस? एकेरी?"

"वर थोडा बुळबुळीत लेप असतो."

"आणि पलीकडं?"

"अन्न. आणि जंतू. मोजता येणार नाहीत इतके."

"या अल्ला. मग राखण?"

"शिपाई असतात ना बाबा! अंगातले निम्म्याहून जास्त शिपाई त्या अस्तराच्या मागंच बसलेले."

"सोटे घेऊन?"

रंगनाथ थांबला. पुस्तकाचं पान आठवत होता, की सोटा लपवत होता, कोण जाणे.

"असतात सोटे… पण बहुतेक वेळ काढत नाहीत. त्यांतले काही जण पेशींच्या फटीतून हात बाहेर काढतात. काय आलंय ते चाचपतात. रोजचं अन्न असेल, ओळखीचे जंतू असतील, तर बाकीच्यांना सांगतात, गप बसा."

"आणि अनोळखी आला तर?"

"त्याच्या अंगाला काहीतरी चिकटवून ठेवतात. भिंतीला बिलगू देत नाहीत. तेवढ्यानं नाहीच भागलं, तर मग मारामारी."

"आणि दिसेल त्याला हाणत सुटले तर?"

"मग सूज येते. भिंतच फाटते…"

वाऱ्यानं गोणपाट हललं. फाटक्या जागेतून ऊन आत आलं.

रंगनाथनं तिकडं बघायचं टाळलं.

"बेटा, गेल्या गुरुवारी पातेलं कशानं धुतलंस?"

"ब्लीचिंग पावडरनं. चांगली मूठभर टाकली."

"मग विसळलंस?"

"विसळायचं राहिलं…"

"जंतू मेले बरं का. सगळे मेले. मीच तेवढा उरलो."

रंगनाथ मटकन खाली बसला. विटांवरच बसला, ते टोचलंही नाही त्याला.

"तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्याच घासाला."

"मग थुंकायचं ना, बाबा!"

"तू वाढलं होतंस."

"आणि दुसऱ्या कुणी खायच्या आत ते पातेलं लवंडलं… पाय घसरला म्हणालात तुम्ही. मी तर तुम्हालाच बोललो, नीट चालत जा म्हणून."

"म्हातारा माणूस. घसरतो पाय."

आजही गुरुवारच. तेवढ्यात गोणपाटाच्या पलीकडून हाक आली. शेवंताआजी. अंगानं काडी, आवाज मात्र ढोलाएवढा.

"बाबा! दही आणलंय. त्यो सोटेवाला हाय का गेला?"

"आहे," बाबा ओरडले. "पण बसलाय!"

पलीकडं बायका खुदखुदल्या. म्हणजे आजी एकटी नव्हती.

बाबा उठले. शिवलेल्या भोकाचा दोरा दातांनी तोडला. दात दोनच, पण कामाचे. मग रंगनाथचा उजवा हात धरला आणि भोकाकडं ओढला.

सोट्यासकट हात काही जाईना.

बाबा वाट बघत राहिले. हात सोडला नाही.

सोटा खाली पडला.

हात कोपरापर्यंत बाहेर गेला.

"आगं बाई, ह्यो तर त्याचाच हात!" आजी म्हणाली. आणि तळव्यावर थंडगार गोळा पडला.

रंगनाथनं हात आत घेतला. दह्याकडं बघितलं. बाबांकडं बघितलं. चाटलं.

"कसंय?"

"आंबट." त्यानं नाक ओढलं. "…चांगलंय."

"मग मला काय सांगतोस? बाहेर सांग."

रंगनाथ भोकाला तोंड लावून म्हणाला, "या आत, आजी. सगळ्याच या."

गोणपाट बाजूला झालं. गाडगी, पातेल्या, टोपल्या आत यायला लागल्या. एका पोरीनं तर त्याला वाकुली दाखवली.

रंगनाथनं सोटा उचलला. कुठं ठेवावा ते त्याला कळेना.

"याचं काय करू, बाबा?"

"साध्या पाण्यानं धू," भिकनशा म्हणाले, "आणि घुसळायला बस. दही पुष्कळ आलंय."