दगड खाणारे

“आणि दगड संपला, की ते काय खातात?”

टेकडीवरच्या मठीतल्या भुरेबाबांनी हे विचारलं, तेव्हा त्रिविक्रमला हसूच आलं. लहानपणी याच बाबांच्या मागं हिंडून तो दगड ओळखायला शिकला होता. आता मात्र परदेशात शिकून आलेला साहेब होता, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

“मरतात, बाबा! डोळ्यांना न दिसणारे जिवाणू ते. या दगडात सोनं आहे, पण लोखंड आणि गंधकानं त्याला असं कोंडून ठेवलंय की कुठल्या रसायनाला दाद देत नाही. माझे जिवाणू ते लोखंड-गंधक फस्त करतात, सोनं मोकळं होतं. सोन्याला तोंडसुद्धा लावत नाहीत. तुमच्यासारखे साधूच म्हणा की!”

बाबा हसले नाहीत.

समोर तलाव होता. लालभडक पाणी, त्यात दळलेला दगड. खाली विस्तव नव्हता, तरी पाण्यातून वाफ निघत होती. मधूनच बुडबुडे यायचे... कुणी तोंड मिटून चावत बसल्यासारखा आवाज व्हायचा. त्रिविक्रमच्या अंगावर काटा आला. पण कबूल कोण करणार!

“आधी फार सुस्त होते,” तो म्हणाला. “मी आठ महिने निवडून निवडून खादाड तेवढे वाढवले.”

“हं...”

बाबांनी काठावरची नायलॉनची दोरी ओढली. आठवड्यापूर्वी त्यांनीच पाण्यात सोडलेला लोखंडी चिमटा वर आला. बोटाएवढा जाड होता तो. आता सुईएवढा उरला होता.

हवेतच मोडला.

त्रिविक्रम खुळ्यासारखा बघत राहिला. मग त्याची नजर तलावाच्या खालच्या टोकाला गेली. पाणी अडवणारं दार लोखंडाचं होतं. घाईघाईत त्यानंच बसवलेलं, जुन्या बंधाऱ्याचं. दगडाचा सगळा हिशेब केला, आणि दार कशाचं ते बघायचंच राहिलं! दाराखाली उतारावर बावीस घरांची वस्ती. चुली पेटल्या होत्या, पोरं खेळत होती.

दार कुरकुरलं...

“पळा! सगळे वर या!” तो घसा फुटेस्तोवर ओरडला. खालची माणसं पोरांना काखोटीला मारून चढावर धावत सुटली. शेवटची म्हातारी वर पोचेपर्यंत त्याच्या जिवात जीव नव्हता.

दार अजून कसंबसं तग धरून होतं, पण कुरकुर थांबत नव्हती. मग तो मटकन बाबांच्या पायाशी बसला.

“बाबा, यांना आता थांबवू कसं?”

बाबांनी दोरीला उरलेला चिमट्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

“खायला तू शिकवलंस. आता ‘पुरे’ म्हणायला शिकव... तुला येत असेल तर.”