पिंप फोडलं

फार पूर्वी समुद्राच्या कडेला एक गाव होतं. गावात दोन आळ्या, वरची मोठी आणि खालची लहान. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की मासळी मिळायची नाही. म्हणून उन्हाळ्यात प्रत्येक घर आपली थोडी मासळी खारवून देवळातल्या मोठ्या लाकडी पिंपात ठेवी. पावसाळ्यात ते उघडून घरटी सारखे वाटे होत. पिंप सांभाळायचं काम गावच्या म्होरक्याचं. गाव दरवर्षी हात वर करून त्याची निवड करी.

त्या वर्षी लोक म्होरक्यावर चिडले होते. फुटलेल्या धक्क्याचा एक दगडही त्यानं बसवला नव्हता. निवडीच्या आदल्या सकाळी त्यानं पिंप गडगडवत वरच्या आळीत आणलं आणि झाकण फोडलं.

"या, घेऊन जा! माझी माणसं तुम्हीच!"

लोक टोपल्या घेऊन धावले. एकमेकांना ढकलू लागले. एक कोळीण मात्र दारातच थांबली. तिची लेक खालच्या आळीत दिली होती, आणि लेकीला दिवस गेले होते.

"अरे, हे साऱ्या गावाचं ना?" ती म्हणाली.

"मावशी, तू नाही नेलंस तर शेजारीण नेईल," म्होरक्या हसला. "खालच्यांचं मी बघतो."

कोळणीनं शेजारणीची भरलेली टोपली पाहिली. मग तीही पुढे झाली. लेकीला निम्मं देऊ, असं मनाशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी निवडीत तिनंही त्याच्यासाठी हात वर केला, आणि म्होरक्या पुन्हा निवडून आला.

फुकट मिळालेलं कुणी जपलं नाही. जेवणावळी उठल्या. पाऊस लागेपर्यंत कोळणीच्या मडक्यातही चारच बांगडे उरले. खालच्या आळीचे लोक उपाशी पोटी म्होरक्याच्या दारात गेले.

"वरच्यांनी खाल्लं, त्यांना विचारा," तो म्हणाला.

आळ्यांमध्ये काठ्या चालल्या. मधली वाट बंद झाली.

लेक बाळंत झाल्याचं उशिरानं कळलं. कोळीण बांगडे पदराखाली घेऊन चिखल तुडवत गेली. लेक भिंतीला टेकून बसली होती. मांडीवरचं बाळ कापडात गुंडाळलेलं होतं, तोंडासकट.

"दूधच आलं नाही गं, आई. सकाळी गेलं."

कोळणीनं बांगडे पुढे ठेवले. लेकीनं तिकडे पाहिलंही नाही.

"तूही हात वर केलास?" तिनं विचारलं.



तेव्हापासून कुणी पुढारी सगळ्यांचं उचलून आपल्याच माणसांत वाटू लागला, की त्या गावात म्हणत, "यानं पिंप फोडलं."

तात्पर्य: सगळ्यांच्या ठेव्यातलं कुणी फक्त आपल्याला देऊ लागला, तर हात पुढे करण्याआधी विचारावं, उद्या यातून उपाशी कोण राहणार?