मुकुटाखालचा माहदाद

एक होता राजा. आपल्याकडचा नव्हे हं, लांब इराणातला. त्याचा मुकुट इतका जड, की डोक्यावर ठेवला तर मानच मोडायची. मग काय करायचे? मुकुट छताला साखळीनं टांगायचे आणि राजानं त्याच्याखाली बसायचं. चांदीच्या नाण्यांवरही मुकुट हा एवढा मोठा आणि तोंड इवलंसं. सगळे त्याला शहेनशाह म्हणत. माहदाद हे त्याचं नाव फक्त आई घ्यायची. आई गेली, मग नाव घेणारं कुणी उरलं नाही. फार एकटं वाटायचं बिचाऱ्याला.

एकदा काय झालं, त्याच्या मनात आलं, मुकुटाशिवाय मला कुणी ओळखतं का पाहू. मग तो हळूच उठला आणि बाहेर पडला. दारावरच्या शिपायानं ओळखलं नाही. मग बाजारात गेला. वाण्याच्या हातात त्याचंच नाणं होतं बरं का, तरी वाणी म्हणाला, "सरक रे, उजेड अडवू नकोस." मग समोरून राणीची पालखी आली. राणीनं त्याच्याकडे पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

मग राजा चालतच राहिला. पारशांची अग्यारी असते ना, तसं तिथं अग्नीचं देऊळ होतं. आत आदरबाद नावाचा म्हातारा एकटाच अग्नी राखत बसलेला. आपला श्वास अग्नीला लागू नये म्हणून त्यानं तोंडाला पांढरं फडकं बांधलं होतं. अग्नी विझू द्यायचा नाही, म्हणून तो कुठं जायचाच नाही.

"नाव सांग बाळा," म्हातारा म्हणाला. "प्रार्थनेत घ्यावं लागतं."

"माहदाद."

मग म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "माहदादचं भलं होवो." राजाला रडूच आलं.

"ये, अग्नीच्या त्या बाजूला उभा राहा. ती बाजू रिकामीच असते," म्हातारा म्हणाला.

संध्याकाळी राजा परतला, तर दरबार भरलेलाच. आसन रिकामं, आणि सगळे मुकुटाला वाकून नमस्कार करताहेत. राजा उठून गेल्याचा कुणाला पत्ताच नाही. वेडी माणसं, दुसरं काय.

मग राजा रोज म्हाताऱ्याकडे जाऊ लागला. टांकसाळीत सांगून त्यानं नाण्याच्या मागच्या बाजूला तो अग्नी काढवला, आणि अग्नीच्या दोन्हीकडे दोन माणसं. पहिलं नाणं त्यानं म्हाताऱ्याच्या हातावर ठेवलं. म्हाताऱ्यानं ते डोळ्यांजवळ नेलं.

"हा मुकुटवाला कोण रे?"

"असेल कुणीतरी," राजा म्हणाला.

मग म्हाताऱ्यानं नाणं उलटलं आणि हसला. "हा मी. आणि हा माझा माहदाद."

मग दोघं सुखानं राहिले, आणि अग्नी काही विझला नाही.

चला, आता नाव घेईन त्यानं डोळे मिटायचे. ओजस. मुक्ता. आणि तू रे, भिंतीकडे तोंड करून जागा असलेला नचिकेत.