माकडाचे नवे पॅकेज आणि मुका भोंगा

डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक माकड राहत असे, आणि जंगलातला एकुलता एक संगणक त्याच्याच ताब्यात असे. त्या लिनक्स संगणकावर एक प्रोग्राम चाले. उंच सागांवरच्या कॅमेऱ्यांत धूर दिसला की तो भोंगा वाजवी आणि वणवा कुठे लागला ते पडद्यावर दाखवी. यंदा तिथल्या एका हरिणीला नुकतेच पाडस झाले होते. त्याला धड पळता येत नव्हते, म्हणून तिची सारी भिस्त त्या भोंग्यावर होती.

माकडाला नव्याचे भारी वेड. जंगलाच्या कोठारात प्रोग्रामला लागणारी पॅकेजेस, म्हणजे त्याचे तयार सुटे भाग, एकमेकांशी जुळतील अशीच ठेवलेली असत. पण पलीकडच्या जंगलात चित्रे वाचणाऱ्या पॅकेजची नवी आवृत्ती आली, हे माकडाच्या कानावर गेले. "नवे ते चांगलेच!" म्हणत त्याने तेवढे एकच पॅकेज आणले. हे बाकीच्यांशी जुळत नाही, असे संगणकाने बजावले. पण ऐकेल तर ते माकड कसले! त्याने ते जबरदस्तीने बसवले आणि झाडावर जाऊन झोपले.

दुपारी वाऱ्यावर जळका वास आला, पण भोंगा गप्पच. हरिणी पाडसासह धापा टाकत आली. "माकडदादा, वणवा कुठल्या अंगाला आहे? पिलाला घेऊन नेहमीसारखी ओढ्याकडे जाऊ का?"

माकडाने पाहिले तर प्रोग्राम बंदच पडलेला. त्याने घाईघाईने तो सुरू केला. पडद्यावर एक ओळ उमटली आणि प्रोग्राम बंद पडला. माकडाने ती ओळ पुसली आणि पुन्हा सुरू केला. पुन्हा तेच. गोळा झालेल्या प्राण्यांतले अस्वल म्हणाले, "एक दणका दे, चालू होईल." कोल्हा म्हणाला, "सगळं पुसून नव्याने भर." सल्ला द्यायला काय जाते!

"तोवर माझं पिलू जळून जाईल रे!" हरिणी रडकुंडीला आली. "संगणक दर वेळी काहीतरी सांगतोय आणि तू न वाचताच पुसतोयस. आधी वाच तरी!"

माकडाने वाचले. "चित्रे वाचणाऱ्या पॅकेजची दुसरी आवृत्ती हवी आहे, इथे तिसरी आहे." त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने मुकाट्याने नवे पॅकेज काढले, आपल्याच कोठारातली दुसरी आवृत्ती परत बसवली आणि प्रोग्राम सुरू केला. लगेच भोंगा कडाडला. पडद्यावर धूर दिसला तो नेमका ओढ्याच्या बाजूला!

हरिणी उलट फिरली आणि पाडसाला ढुशा देत वरच्या उघड्या कातळावर घेऊन गेली. तिथून तिने खाली पाहिले, तेव्हा ओढ्याकाठचे सारे गवत पेटलेले होते. माकडही शेजारी येऊन बसले. पाडस आईला लुचत होते, आणि त्याच्याकडे बघायची माकडाला हिंमत होत नव्हती.

तात्पर्य : नवे आणण्याआधी ते जुन्या सोबत्यांशी जुळते का ते पाहावे, आणि काही बिघडलेच, तर हात चालवण्याआधी बिघाड काय सांगतो ते वाचावे.