खाजधोंडा

हा काळा धोंडा बघितला का पाव्हणं? गुडघ्याएवढ्या उंचीवर हात लावा. कसा गुळगुळीत हाय. वरचा सगळा खडबडीत. कुणा पाथरवटानं घासला न्हाई ह्यो, कुत्र्यानं घासलाय. खाजधोंडा म्हणत्यात ह्याला.

आन् ताई, तोंड नका वाकडं करू. कडू लिंबाच्या पाण्याचा एक थेंब दिला जिभेवर, तर तुमी तांब्याभर पाणी प्यालात. का दिला ते सांगते. बसा. तुमच्या कुत्र्याला घासू द्या पाठ, त्येच्यासाठीच आलाय न्हवं.

लई मागं ह्या माळावर मेंढरांचा तळ पडायचा. त्यात धुरपदा म्हणून एक सून व्हती. तिचा कुत्रा पाखऱ्या. तिच्या तान्ह्या पोराला लांडग्यानं झोळीतनं ओढलं, तवा ह्येनंच सोडवलं म्हणे. पण दर साली पाऊस सरला की त्येला खाज सुटायची. त्या साली तर कान, काखा, पोट सगळं सोलून निघालं. दिसभर ह्या धोंड्याला अंग घासायचा. धोंड्यावर रगात वाळायचं.

सासरा म्हाळबा तळाचा कारभारी. म्हणला, "सूनबाई, ह्याची खरूज मेंढरांत शिरंल. सोमवारी तळ उठणार. तवर खाजवायचं थांबला तर संगं न्यायचा. न्हाईतर ह्याच धोंड्याला बांधून जायचं."

बांधून जायचं म्हंजी लांडग्याला देऊन जायचं.

ती म्हणली, "मामंजी, आठ दिसांत कुणाची खाज गेलीया? तुमच्या गजकर्णाला बारा वर्सं झाली, तुमाला कुणी बांधलं न्हाई."

तळ हसला. सासरा हसला न्हाई.

मग ती लागली कामाला. लिंबाचा पाला उकळायची, पाणी गार करायची, हळूहळू अंगावर वतायची. फडक्यानं टिपून घ्यायची, काखंत ओल ऱ्हाऊ द्यायची न्हाई. करंजाचं तेल लावायची. त्येच्या खालचं पोतं रोज धुवून उन्हात टाकायची. एकेक गोचीड काढायची. पाचव्या दिशी रगात थांबलं. पोटावर बारीक लव दिसाया लागली. तिला वाटलं, जमलं.

पण खाज काय मुळासकट जात न्हाई, निवती नुसती. आयतवारी सकाळी पाखऱ्या परत धोंड्यापाशी गेला. सासऱ्यानं लांबनं बघितलं आन् दोर आणाया सांगितला.

तिथं बाईचा धीर सुटला. मेंढरांच्या गोचिडासाठी तंबाखूचा काढा करून ठेवत्यात, त्येचं मडकं व्हतं बाजूला. मेंढराला लागू पडतं, मग कुत्र्याला का न्हाई, असं म्हणून तिनं डोक्यापासनं शेपटीपतोर चोपडलं. आन् गेली भाकरी थापाया.

मेंढरू आपली पाठ चाटत न्हाई. कुत्रं चाटतं.

भाकरी घेऊन आली तर ह्यो धोंड्याला टेकून बसलेला. तोंडातनं फेस, पाय थरथरत व्हतं. तिला बघून शेपूट हलवली म्हणे. तिनं मांडीवर डोकं घेतलं तर तिचा हात चाटला. त्या हातालाबी काढाच व्हता. उन्हं कलायच्या आत गेला.

सासरा म्हणला, "कुत्रंच व्हतं. दुसरं आणू."

तिनं काढ्याच्या मडक्यात बोट बुडवलं आन् जिभेवर ठेवलं. भोवळ आली, पोटातलं सगळं वकून टाकलं. मग उठली आन् साऱ्या तळादेखत ह्या धोंड्यावर हात ठेवला: "मुक्या जिवाला जे लावीन, ते आधी माझ्या जिभेवर. आन् अंग वाळंस्तवर मी हलणार न्हाई."

सोमवारी तळ उठला. म्होरल्याच मुक्कामी लांडगं आलं. भुंकाया कुणी न्हवतं. सकाळी वाघरात, मेंढरांच्या जाळीच्या कुंपणात, कोकरं कमी आन् रगातच जास्त व्हतं असं सांगत्यात. त्या दिसापासनं सासरा सुनंच्या डोळ्याला डोळा दिईना.

म्होरं दर साली तळ हितं आला की धुरपदा गावची समदी खाजरी कुत्री गोळा करायची. आधी चाखायची, मग वतायची, आन् गळ्यात हात टाकून वाळंस्तवर बसायची. म्हातारी झाली तवा एका साली तळ आला, ती आली न्हाई. वाटंतच गेली व्हती. पण त्या सकाळी ह्यो धोंडा लिंबाच्या पाण्यानं हिरवा वला झालेला म्हणे. मी न्हाई बघितला. माझ्या आजेसासूनंबी न्हाई बघितला, पण सांगायची मातर बघितल्यावानी.

आजही ह्या गावात कुत्र्याला काय लावायचं तर आधी घरच्या माणसाची जीभ म्होरं येती. नवी नवरी असू दे न्हाईतर सरपंच. आन् कुत्र्याचं अंग वाळंस्तवर कुणी उठत न्हाई, चुलीवर दूध उतू गेलं तरी. तंबाखू खाणाऱ्याचा हात धोंड्याला लागू देत न्हाई. पाव्हणं, खिशातली पुडी तिकडं ठेवा, मी मघाच बघितलीया.

आन् ताई, ती पिशवीतली बाटली काढा, जी तुमी रोज ह्येला चोळता. त्येच्यावर काय लिवलंय ते नका वाचून दावू. जीभ काढा.

का? न्हाई म्हणता?

मग चोळून झाल्यावर तुमी कुठं जाता, भाकरी थापाया?