आर्मच्या आतला रंग

“उस्ताद, एवढंच सांगा... आर्म आधी मोडला, की दरीत आपटल्यावर मोडला?”

बाबालाल मिस्त्रींनी हातातला पाना फडक्याने पुसला.

मिरजेतल्या त्यांच्या जुन्या गॅरेजच्या दारात टेम्पो उभा होता आणि टेम्पोत एका लाल स्पोर्ट्स गाडीचा चेंदामेंदा. पन्नास वर्षांपूर्वीची, दोनच माणसांची, बिनटपाची गाडी. तेवीस दिवसांपूर्वी ती घाटात कठडा तोडून खाली गेली. चालवणारा ऋतुराज खानविलकर जागच्या जागी गेला. वय एकोणतीस.

विचारणारा होता सर्जेराव साळोखे. या गाडीचं स्टिअरिंग गेल्या वर्षी त्यानेच दुरुस्त केलं होतं.

सर्जेराव एके काळी नऊ वर्षं बाबालालांच्या हाताखाली होता. मग त्याला शिंगं फुटली. ‘उस्ताद एक खीळ काढायला दिवस घालवतात, मी अर्ध्या तासात काढतो,’ असं चारचौघांत बोलून तो कोल्हापूरला गेला. तिथे मोठं गॅरेज टाकलं, नाव कमावलं. जुनी गाडी म्हणजे सर्जेराव, असं लोक म्हणायला लागले आणि मग ते त्यालाही खरं वाटायला लागलं. सात वर्षांत तो या दाराकडे फिरकला नव्हता.

आज आला होता.

“पोलीस काय म्हणाले?”

“भरधाव होता म्हणाले. वळणावर ताबा सुटला.”

“आणि बाप?”

सर्जेरावाने रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीकडे मान केली. तिथल्या बाकावर खानविलकर सर बसले होते. निवृत्त हेडमास्तर, ताठ कण्याचे.

“त्यांनाबी तेच वाटतंय. वाटेत मला म्हणाले, पोरानं मस्ती केली आणि मेला, मी त्याच्यासाठी रडणार नाही. गाडी नुसती उभी करून दे. अंगणात ठेवतो, येणाऱ्याजाणाऱ्या पोरांना दिसू दे...”

उस्तादांनी वाकून गाडीचा मोडका आर्म पाहिला.

“गॅस लावला होतास?”

चाक वळवणाऱ्या लोखंडी दांड्याला गॅरेजवाले आर्म म्हणतात. त्याच्या टोकाच्या भोकात स्टिअरिंगकडून येणाऱ्या टाय रॉडची निमुळती खीळ बसते आणि जुन्या गाडीत ती इतकी गच्च धरते की दोन्ही एकच वाटावं. ती काढायला कितीही वेळ लागो, आर्मला गॅसची ज्योत दाखवायची नाही. तापल्यावर पाणी ओतायचं तर नावच नको. लोखंड ठिसूळ होतं, तडकतं. बाबालालांच्या गॅरेजात हा पहिल्या दिवशीचा धडा होता.

“गिऱ्हाईक घाईत होतं, उस्ताद...”

“मी गिऱ्हाइकाचं विचारलं न्हाई.”

“लावला.”

“पाणी?”

“...ओतलं.”

“मग?”

“निळा डाग पडला होता. वरनं काळा रंग मारला.”

सर्जेरावाला वाटलं, आता म्हातारा हातातला पाना फेकून मारेल. मारला असता तर बरं झालं असतं. पण उस्तादांनी स्टूल ओढलं आणि ते टेम्पोशेजारी बसले.

“मला कशाला विचारतोस? खोलून बघ की.”

“निघत न्हाई.”

आर्म मधोमध मोडला होता. चाकाकडे राहिलेल्या तुकड्याचं तोंड खडकावर घासून सपाट झालं होतं; त्यावरून काहीच कळत नव्हतं. दुसरा तुकडा टाय रॉडच्या खिळीवर तसाच गच्च बसला होता आणि त्याचं मोडकं तोंड चेपलेल्या पत्र्यात दबलं होतं. तो निघाल्याशिवाय ते दिसणार नव्हतं.

चार दिवस सर्जेराव त्या तुकड्याभोवती घुटमळत होता. गॅरेजात माणसं होती, पण हे काम त्याने कुणाला दिलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्याने स्वतःही हातोडा धड उचलला नव्हता. त्याला भीती वाटत होती.

“माझ्याम्होरं काढ,” उस्ताद म्हणाले.

त्याने नट सैल केला, दोन आटे ठेवून. तेल सोडलं. ओढून काढायचा पुलर लावून ताण दिला. मग हातोडा घेऊन खिळीच्या डोक्यावर घातला.

“कुणाला मारतोस?”

“खिळीला. तीच अडकलीय.”

“अडकलेल्याला मारून काय मिळणार... ज्यानं धरून ठेवलंय त्याला मार.”

हेही त्याला ठाऊक होतं. हेही तो विसरला होता. त्याने भोकाच्या एका बाजूला जड हातोडा टेकवला आणि दुसऱ्या बाजूने ठोकायला सुरुवात केली. थोडं ठोकायचं, थोडा ताण वाढवायचा, तेल सोडून थांबायचं. जेवणाची वेळ झाली आणि गेली. कुणी जेवणाचं नाव काढलं नाही.

मध्येच खानविलकर सर रस्ता ओलांडून आले.

“निघतंय का?”

“निघंल,” उस्ताद म्हणाले.

सरांनी गाडीच्या चेपलेल्या बॉनेटकडे पाहिलं. “मूर्ख,” असं पुटपुटले आणि परत बाकावर जाऊन बसले.

सर्जेरावाचा पुढचा घाव चुकला, बोटावर बसला. तो ओरडला नाही.

साडेतीनच्या सुमारास खाडकन आवाज झाला आणि तुकडा सुटून त्याच्या मांडीवर पडला.

त्याने तो उचलला. उस्तादांकडे न बघता फडक्याने त्याचं मोडकं तोंड पुसलं. निम्मा भाग राखाडी, दाणेदार होता. ती ताजी मोड. उरलेला निम्मा काळा होता.

“ग्रीस हाय,” तो घाईने म्हणाला.

“पूस.”

त्याने पेट्रोलमध्ये बुडवून फडकं घासलं. पुन्हा घासलं.

“जात न्हाई...”

“नखानं बघ.”

नखाखाली बारीकसा पापुद्रा आला. काळा, चकचकीत.

“रंग हाय,” सर्जेराव म्हणाला.

“व्हय.”

उस्तादांनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

“आत कसा गेला?”

सर्जेरावाला तो काळ्या रंगाचा ब्रश आठवला. म्हणजे त्या दिवशी, ब्रश फिरवतानाच, तिथे चीर होती. त्याच्या डोळ्यांसमोर होती. त्याने ती स्वतःच्या हाताने बुजवली आणि किल्ली ऋतुराजच्या हातात दिली. पोरगं हसून ‘थँक्यू मामा’ म्हणालं होतं. अकरा महिने ते त्या चिरेवर बसून हिंडत होतं.

त्याला रडू फुटलं. तोंडावर फडकं धरून तो रडला, पेट्रोल डोळ्यांत जाईस्तोवर.

मग तो हलक्या आवाजात म्हणाला, “पोलिसांनी फाईल मिटवली, उस्ताद. नवा आर्म बसवला तर हे कुणाला...”

उस्तादांनी हात उचलून कोपऱ्यातल्या भंगाराच्या पिंपाकडे दाखवला.

“टाकायचा असंल तर तिथं टाक. असले लई पडलेत तिथं. दोन माझेबी हायेत.”

सर्जेराव उठला. पिंपापाशी गेला. आत पाहिलं. गंजलेले नट, मोडके दांडे, तुटक्या स्प्रिंगा. किती वेळ तो तिथे उभा होता, त्याचं त्यालाच कळलं नाही.

तुकडा हातातच घेऊन तो परत आला. रस्त्यापलीकडे खानविलकर सर बाकावर तसेच ताठ बसले होते, गाडीकडे पाठ करून.

“उस्ताद... काय सांगू त्यांना?”

“त्यांचा पोरगा गाडी नीट चालवत होता, एवढं सांग,” उस्ताद म्हणाले. “म्होरलं ते विचारतील.”